नावाने हाक मारणारा देव
(आफ्रिकेतील नावे व स्वाहिली शब्द यांचा छोटा अभ्यास)



८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता हिचा सण. सुदानमधील दारफूर भागात सुमारे १८६९ साली जन्मलेली ही मुलगी. लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिला पळवून नेले. त्या धक्क्याने ती स्वतःचे नावसुद्धा विसरली. 'बखिता' हे नाव तिच्या आईवडिलांनी ठेवलेले नाही. ते तिला पळवणाऱ्यांनी दिले. अरबी भाषेत त्याचा अर्थ होतो 'नशीबवान'. ज्यांनी तिचे घर, आई आणि नाव हिरावले, त्यांनीच तिला नशीबवान म्हणावे, यापेक्षा क्रूर थट्टा कोणती?

या शब्दाची ओळख आपल्यालाही आहे. 'कमबख्त' हा शब्द आपण ऐकतो. त्यातील 'बख्त' म्हणजे नशीब, आणि तोच शब्द बखिताच्या नावात आहे. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत त्याचे रूप 'बहाती' असे होते आणि टांझानिया व केनियात मुलामुलींचे नाव म्हणून ते आनंदाने ठेवले जाते. शब्द एकच, पण एका ठिकाणी तो थट्टा झाला आणि दुसऱ्या ठिकाणी आईचा आशीर्वाद. नाव कोण देतो आणि कोणत्या मनाने देतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. आजच्या पाठाचा विषय हाच आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. आपल्या नागपुरात शिक्षणासाठी आफ्रिकेतील निरनिराळ्या देशांतून तरुण-तरुणी येतात. ज्यांनी आपल्या भागात मिशनकार्याचा पाया घातला, ते संत फ्रान्सिस द साल यांचे मिशनरी आज पूर्व आफ्रिकेतही सेवा करीत आहेत. म्हणजे येणे आणि जाणे दोन्ही चालू आहे. तरीसुद्धा रस्त्यात, बसमध्ये, पानठेल्यावर या मुलांना कोणत्या शब्दांनी हाक मारली जाते, ते आपल्याला ठाऊक आहे. ते शब्द येथे छापण्याची गरज नाही.

१. किनाऱ्याची भाषा

'स्वाहिली' हे नाव अरबी 'सवाहिल' म्हणजे 'किनारे' या शब्दावरून आले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ही भाषा वाढली. टांझानिया, केनिया, युगांडा, काँगो अशा देशांत ती बोलली जाते. २०२१ साली युनेस्कोने ७ जुलै हा दिवस जागतिक स्वाहिली दिन म्हणून जाहीर केला. भाषेचा सांगाडा आफ्रिकेच्या बांटू भाषांचा आहे. पण शतकानुशतके समुद्रावरून व्यापार चालल्यामुळे तिच्यात अरबी, फारसी आणि आपल्याकडचेही शब्द मिसळले.

काही शब्द पाहा आणि अर्थ स्वतःच ओळखा: किताबू, कलामू, दुनिया, हबारी, हिसाबू, दुका, साबुनी, वकिली, दावा, रंगी, गारी, पेसा, चाय, चपाती. पुस्तक, लेखणी, जग, खबर, हिशेब, दुकान, साबण, वकील, दवा म्हणजे औषध, रंग, गाडी, पैसा, चहा आणि पोळी. विम्याला स्वाहिलीत 'बिमा' म्हणतात, बंदराला 'बंदारी' आणि सरकारला 'सेरिकाली'. कोकणच्या माणसाने मोंबासाच्या बाजारात कान दिला तर अर्धी खरेदी त्याला समजेल!

मात्र सगळेच शब्द इतके सरळ नाहीत. स्वाहिलीत 'बाबा' म्हणजे वडीलच. म्हणून 'हे आमच्या बापा' या प्रार्थनेला तेथे 'बाबा येतू' म्हणतात. पण 'दादा' म्हणजे मोठी बहीण आणि 'काका' म्हणजे मोठा भाऊ! तेथील मुलगी आपल्या मोठ्या भावाला काका म्हणाली, तर गोंधळून जाऊ नका.

वडीलधाऱ्यांना नमस्कार करताना लहान मंडळी 'शिकामो' म्हणतात. याचा मूळ अर्थ 'मी तुमचे पाय धरतो' असा सांगितला जातो. वडील मंडळी 'मरहबा' म्हणून तो स्वीकारतात. आपल्याकडे पाया पडण्याची जी रीत आहे, ती तेथे शब्दात आहे. दारात उभा राहिलेला पाहुणा 'होदी' म्हणतो आणि आतून उत्तर येते 'करीबू'. करीबू म्हणजे जवळ या. हिंदीतला 'करीब' आठवा. स्वागत करणे म्हणजे माणसाला जवळ घेणे, एवढा अर्थ त्या एका शब्दात आहे.

२. एका नावात अख्खे वाक्य

आफ्रिकेत हजारो भाषा आणि जमाती आहेत. म्हणून 'आफ्रिकन नाव' अशी एकच एक गोष्ट नाही. पण पुष्कळ ठिकाणी एक गोष्ट सारखी आढळते. नाव म्हणजे नुसता आवाज नव्हे. जन्माच्या वेळी घरात काय घडत होते, याची ती नोंद असते.

केनियातील लुओ लोकांत रात्री जन्मलेला मुलगा 'ओतिएनो' आणि मुलगी 'अतिएनो'. पाऊस पडत असताना जन्मला तर 'ओकोथ', मुलगी असेल तर 'अकोथ'. सकाळी जन्मलेली 'अकिन्यी' आणि भर उन्हात जन्मलेली 'अचिएंग'. किकुयू लोकांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव देतात आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. त्यामुळे आजोबा घरात पुन्हा हाकेला येतात. टांझानियात जुळ्यांपैकी पहिल्याला 'कुलवा' आणि दुसऱ्याला 'दोतो' म्हणतात.

पश्चिमेकडील घानात आकान लोक वारावरून नाव ठेवतात. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या नावातील 'कोफी' म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, आणि स्वतंत्र घानाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांच्या नावातील 'क्वामे' म्हणजे शनिवारी जन्मलेला. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपल्या विदर्भातील खेड्यांत सोमा, मंगळू, बुधराम, सुकरू ही नावे अजून आहेत. तीही वारांवरूनच आली.

काही नावे दुःखाची असतात. टांझानियात 'शिदा' म्हणजे संकट आणि 'मशाका' म्हणजे अडचणी, अशी नावे सापडतात. मूल जन्मले तेव्हा घरात कठीण दिवस होते. नायजेरियातील योरुबा लोकांत, आधीची मुले दगावलेली असली तर नव्या बाळाला 'दुरोजाये' म्हणतात: थांब बाळा, जगण्याचा आनंद घे. आपल्याकडे अशाच घरात मुलाला दगडू, धोंडू, कचरू म्हणत. मृत्यूची नजर या बाळावर पडू नये, म्हणून आई त्याचे मोल लपवत असे. योरुबा आई विनवणी करते, मराठी आई लपवते. काळजातील भीती मात्र एकच आहे.

पण अशी नावेही असतात, ज्यांत प्रेम मुळीच नसते. साताऱ्याकडे मुलगी नको असताना झाली, तर तिला 'नकुशा' म्हणजे नकोशी म्हणत. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींचे जाहीर नामांतर करून त्यांना नवी नावे देण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज 'नकोशी' म्हणून हाक ऐकत वाढलेल्या मुलीच्या मनाचा विचार करा. नावाने माणूस उभा राहतो, तसा मोडतोही.

३. 'म्तू' आणि 'कितू'

येथे थोडे तत्त्वज्ञान सांगतो. अवघड नाही, दोनच शब्द आहेत.

स्वाहिलीत 'म्तू' म्हणजे माणूस. अनेक माणसे म्हणजे 'वातू'. 'कितू' म्हणजे वस्तू. आणि 'उतू' म्हणजे माणूसपण. मुळाशी 'तू' हा अंश एकच आहे. पुढचे अक्षर बदलले की अर्थ बदलतो. या भाषांतील अशा शब्दांचा अभ्यास करून रुआंडाचे धर्मगुरू आलेक्सिस कागामे यांनी १९५६ साली आपल्या लोकांच्या तत्त्वज्ञानाची मांडणी केली. स्वाहिलीत एक म्हणही आहे: म्तू नी वातू. माणूस म्हणजे माणसे. एकटा माणूस पूर्ण माणूस होत नाही. इतरांनी त्याला माणूस म्हणून ओळखावे लागते.

आता गुलामीकडे पाहा. गुलामी म्हणजे 'म्तू'ला 'कितू' करणे, माणसाला वस्तू करणे. आणि त्याची पहिली पायरी म्हणजे त्याचे नाव काढून घेणे.

याचा पुरावा आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर इथिओपियात जन्मला. त्याचे मूळ नाव चापू. तो विकला गेला आणि मालकाने त्याला 'अंबर' हे नाव दिले. आपण मराठी माणसे 'अंबर' म्हटले की आकाश समजतो. पण हा अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे महागडे सुगंधी द्रव्य. त्या काळी गुलामांना याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, अशी नावे देत. ऐकायला गोड, पण सगळी बाजारातील मौल्यवान मालाची नावे! या चापूने पुढे अहमदनगरचे राज्य सांभाळले, १६१० साली खडकी हे शहर वसवले, ज्याला आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो, आणि १६२६ साली तो मरण पावला. मालाचे नाव घेऊन आलेल्या माणसाने इतिहासात माणूस म्हणून जागा मिळवली.

त्याच्यासारखे आलेल्यांचे वंशज आजही आपल्या शेजारी आहेत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपल्यासारखे कॅथलिकही आहेत. ते कोंकणी बोलतात. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 'सिद्दी' हा शब्द अरबी 'सय्यिदी' म्हणजे 'माझे स्वामी' यावरून आला, असे मानले जाते.

४. नाशिकचे शरणपूर

नाशिकला गेलात तर शरणपूर रोड लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन मिशनने तेथे शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती उभारली. ब्रिटिश नौदलाने समुद्रात गुलामांची गलबते पकडली की सोडवलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काहींना मुंबईत आणत, आणि पुढे त्यांतील पुष्कळांना शरणपुरात ठेवत. तेथे ती शिकत, सुतारकाम, लोहारकाम करीत आणि आपल्या भाषा बोलत. शरण आलेल्यांचे गाव. नाव किती योग्य!

या मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी इंग्रजी नावे मिळाली. याओ जमातीचा चेंगविंबे हा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसरा एक मुलगा जेकब वेनराइट म्हणून ओळखला जाऊ लागला. नाशिकची ही मुले पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या आफ्रिकेतील प्रवासात सामील झाली. त्यांतील एकाला 'मब्रुकी' असेही म्हणत. मब्रुकी म्हणजे आशीर्वादित. आपल्या ओळखीचा 'मुबारक' हाच तो शब्द.

१८७३ साली लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातील एका खेड्यात मरण पावले. तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने. त्याने तेथील झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टन यांचे नाव कोरले. स्वतः दुसऱ्याने दिलेले नाव वागवणाऱ्या तरुणाने दुसऱ्याचे नाव पुसले जाऊ नये म्हणून चाकू हाती घेतला! त्यानंतर त्याने व त्याच्या सोबत्यांनी तो देह दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर वाहून किनाऱ्यावर आणला. १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयो येथे आपल्या कॅथलिक मिशनच्या चर्चमध्ये तो देह एक रात्र ठेवला होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत नाशिकचा जेकब होता.

१८७५ च्या सुमारास नाशिकचे बरेचसे आफ्रिकी ख्रिस्ती मोंबासाजवळ फ्रीअरटाउन या नव्या वस्तीत गेले. सुटका झालेल्या गुलामांसाठीच ती वस्ती होती. तेथे एक घंटा उभारली होती. त्यावरून आजही त्या जागेला 'केंगेलेनी' म्हणतात. 'केंगेले' म्हणजे घंटा, आणि पुढचा 'नी' म्हणजे 'पाशी'. घंटेपाशी. मॅथ्यू वेलिंग्टन, म्हणजे आपला चेंगविंबे, १९३५ पर्यंत जगला आणि मोंबासात वारला.

या मिशनरींनी मुलांना आसरा दिला, विद्या दिली. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण एक प्रश्न उरतो. चेंगविंबेला 'चेंगविंबे' या नावानेच प्रभूच्या घरात येता आले नसते का?

५. प्रभू कोणत्या नावाने हाक मारतो?

पवित्र शास्त्रात नावाला फार महत्त्व आहे. अब्रामाचा अब्राहाम होतो, याकोबाचा इस्राएल, शिमोनाचा पेत्र. पण देव नवे नाव देतो तेव्हा तो जुने नाव चोरत नाही. तो माणसाला नवे काम देतो. यशया संदेष्ट्याच्या ४३व्या अध्यायात देव आपल्या लोकांना भिऊ नका म्हणतो, कारण त्याने त्यांना नावाने हाक मारली आहे. योहानाच्या शुभवर्तमानात उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना एकेका नावाने बोलावतो. पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया माग्दालिया प्रभूला माळी समजते. चेहरा पाहून ती त्याला ओळखत नाही. तो तिचे नाव उच्चारतो, तेव्हा ती ओळखते.

चर्चचा कायदाही या बाबतीत उदार आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे कलम ८५५ एवढेच सांगते की ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव बाळाला देऊ नये, याची आईवडील, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी काळजी घ्यावी. नाव परदेशीच असावे असे त्यात कोठेही नाही. युगांडाच्या हुतात्म्यांकडे पाहा. त्यांपैकी बहुतेकांना ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो येथे मारण्यात आले. त्यांतील सर्वांत लहान, सुमारे चौदा वर्षांचा मुलगा कीझितो. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी या हुतात्म्यांना संतपद दिले, आणि आज सारी ख्रिस्तसभा त्याला त्याच्या आफ्रिकी नावानेच 'संत कीझितो' म्हणते.

आता बखिताकडे परत येऊ. इटलीत आल्यावर १८८९ साली व्हेनिसच्या न्यायालयाने ती गुलाम नाही असा निर्णय दिला. ९ जानेवारी १८९० रोजी तिचा स्नानसंस्कार झाला. पुढे ती कनोशियन भगिनी झाली आणि १९४७ साली देवाघरी गेली. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संत म्हणून घोषित केले. स्नानसंस्कारात तिला जोसेफिन हे नाव मिळाले, पण 'बखिता' टाकले गेले नाही. व्यापाऱ्यांनी थट्टेने दिलेला शब्द देवाने खरा करून दाखवला. ती खरोखरच नशीबवान ठरली. तिचा सण आज मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणूनही पाळला जातो, कारण माणसाला वस्तू करण्याचा धंदा अजून थांबलेला नाही. नोकरीच्या आमिषाने खेड्यातून शहरात नेलेल्या आपल्या मुलीही त्यात सापडतात.

६. पाठ करण्यासाठी काही नावे व शब्द

बराका: आशीर्वाद. आपली 'बरकत' आणि बायबलमधील 'बारूख' हे याच कुळातले.
इमानी: श्रद्धा. आपले 'इमान'.
अमानी: शांती. हिंदीतले 'अमन'.
नीमा: कृपा.
रेहेमा: दया. 'रहम' आठवा.
सुबिरा: धीर. आपली 'सबुरी'.
तुमाइनी: आशा.
उपेंदो: प्रीती.
झवादी: देणगी.
फुराहा: आनंद.
असांते: आभारी आहे.
पोले: दुःखात असलेल्याला सहानुभूतीने म्हणायचा शब्द.
ब्वाना: धनी, साहेब, आणि प्रार्थनेत 'प्रभू'.
मुंगू: देव.

यांतील पहिली दहा ही मुलामुलींची नावे आहेत. श्रद्धा, आशा, प्रीती ही आपल्याकडेही मुलींची नावेच आहेत ना!

आणखी एक लक्षात ठेवा. पूर्व आफ्रिकेतील कॅथलिक एकमेकांना भेटले की म्हणतात, 'तुम्सिफू येसू क्रिस्तो', म्हणजे आपण येशू ख्रिस्ताची स्तुती करू या. उत्तर असते, 'मिलेले ना मिलेले, आमिना', म्हणजे युगानुयुग, आमेन.

मिस्सा संपल्यावर मागच्या बाकावर बसलेल्या परदेशी विद्यार्थ्याला या शब्दांनी अभिवादन करून पाहा. तो पूर्व आफ्रिकेचा नसला आणि त्याला स्वाहिली येत नसली, तरी काही बिघडत नाही. पुढे दोन प्रश्न विचारा: तुझे नाव काय? आणि त्याचा अर्थ काय? उच्चार जमेपर्यंत दोनदा विचारा. परक्या शहरात आपले नाव कोणी नीट घेतले, की माणसाला घर आठवते.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

१) माझ्या नावाचा अर्थ काय? ते कोणी ठेवले आणि का? मुलांनी हे आजी-आजोबांना विचारावे.
२) आपल्या घरात कामाला येणाऱ्या ताईंचे, इस्त्रीवाल्याचे, कचरा नेणाऱ्या दादांचे पूर्ण नाव आपल्याला माहीत आहे का?
३) वर्णावरून, जातीवरून किंवा प्रांतावरून आपण कोणाला काही टोपणनाव ठेवले आहे का? ते त्याच्यासमोर उच्चारण्याची आपली तयारी आहे का?

प्रार्थना करू या: हे प्रभो, आमच्या आईने आम्हांला हाक मारण्यापूर्वी तू आम्हांला ओळखलेस. ज्यांची नावे हिरावली गेली, त्यांची नावे तुझ्याजवळ सुखरूप आहेत. आमच्या तोंडून कोणाचे नाव बिघडू नये, आणि कोणीही आमच्या चर्चमधून बिननावाचा परत जाऊ नये, एवढी कृपा कर. संत जोसेफिन बखिता, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.

आपला,
धर्मगुरू